‘पाय मोकळा झाला’

धुळे
९ सप्टेंबर २०२५

चारुताई,

घडलं ते असं.

१. तुझ्या दोन्ही पोटऱ्यांवर शॉकवेव्ह उपचार तीनदा झाला. बुधवार, ६, १३ आणि २० ऑगस्ट.
२. दर वेळी प्रत्येक पोटरीवर पंधराशे ठोके. सुई नाही, भूल नाही, औषध नाही.
३. पोटरीचा ताठरपणा आम्ही शून्य ते चार असा मोजतो. ६ ऑगस्टला तो तीन होता. २९ ऑगस्टला एकाच्या थोडा वर.
४. २९ तारखेलाच तुझा अनुभव विचारला. नोंद : “पाय मोकळा झाला.”
५. रविवार, ३१ ऑगस्ट, सकाळी सहाच्या सुमारास पिंपळनेरच्या घरी मोरीच्या दारात तू पडलीस.
६. डाव्या मांडीचं हाड गुडघ्याच्या वर मोडलं. आठ आठवड्यांचं प्लास्टर.

पाचवा मुद्दा मावशीने फोनवर सांगितला तसा लिहिला आहे. बाकीचे माझ्या नोंदवहीतले आहेत.

तू माझी मावसबहीण, आणि या उपचारासाठी मीच तुला धुळ्याला बोलावलं. सेरेब्रल पाल्सीमुळे तुझे पाय जन्मापासून इतके ताठ आहेत की टाच जमिनीला टेकत नाही. ती टेकावी, एवढाच हेतू होता. तिसरा आणि चौथा मुद्दा बघता उपचार लागू पडला. मग पाचवा कसा घडला, हे मला कळायला हवं.

फोनवर तुझं बोलणं पूर्ण व्हायच्या आत मावशी फोन घेते. म्हणून पत्र. कितीही दिवस लागू देत, पण तू स्वतः लिही.

दिपमाला


पिंपळनेर
२४ सप्टेंबर २०२५

दिपा,

तुझं पत्र आहे की पंचनामा? आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, खाली अंगठा कुठे करायचा ते विचार.

डाव्या हाताने, पेन्सिलने, दिवसाला सहा ओळी या हिशेबाने लिहिते आहे. तेव्हा वरच्या ओळी शिळ्या आणि खालच्या ताज्या समज.

आधी त्या मशीनविषयी. नाव ठेवणाऱ्याने विचार करायला हवा होता. ‘शॉक’ ऐकून गल्ली गोळा झाली. शेजारची भागाबाई म्हणते, “काय वं चारू, किती करंट दिधा तुले?” मी म्हटलं, बिल आलं की सांगते. तिला ते खरंच वाटलं. दोन दिवस ती आईला मीटर बघायला सांगत होती.

करंट नसतोच, हे तू मला आधी सांगितलं होतंस म्हणून मी आले. पोटरीवर कुणी मुगाच्या शेंगा बडवतंय, असं वाटतं. दुखतं ते सोसण्यासारखं. आवाज मात्र सोसवत नाही. मी आवाजाला दचकते, दचकले की सगळं अंग आवळतं. पहिल्या दिवशी तुझे निम्मे ठोके मी दात आवळूनच खाल्ले. दुसऱ्या वेळी तू सुरू करायच्या आधी मोठ्याने तीन, दोन, एक म्हणालीस. ते बरं गेलं. बाकीच्यांसाठीही असंच मोजत जा.

आणि दुसऱ्या खेपेनंतर टाच टेकली. खुर्चीत बसले होते. फरशी थंड असते हे माझ्या टाचेला एकतिसाव्या वर्षी कळलं. आईला हाक मारून दाखवलं. ती खाली बसली आणि टाचेखाली कागद सरकतो का बघत राहिली. सरकला नाही. पोटरीत गोळे यायचेही बंद झाले.

पडले ती ओल्या फरशीने. आईच्या हातून बादली हिंदकळली होती. तुझ्या मशीनचा संबंध नाही. उगाच जीवाला लावून घेऊ नकोस.

चारू


धुळे
४ ऑक्टोबर २०२५

चारुताई,

पत्र मिळालं. कारणाच्या रकान्यात ‘ओली फरशी’ अशी नोंद केली. मोरीच्या दारात खरखरीत रबरी पट्टी टाकून घे आणि भिंतीला धरून उभं राहायला दुसरी नळी बसवून घे. उंची जमिनीपासून ८५ सेंटिमीटर. प्लास्टर निघेपर्यंत हे काम व्हायला हवं.

मोजून दाखवण्याची सूचना बरोबर आहे. आता सगळ्यांसाठी तसंच करते.

एक विनंती आहे. डिसेंबरमध्ये जळगावला फिजिओथेरपिस्टांची सभा आहे. या उपचाराच्या नऊ रुग्णांचे अनुभव मी तिथे मांडणार आहे. मला पहिल्यांदाच बोलायला बोलावलं आहे. आई-बाबा जळगावातच आहेत, तेही येऊन मागे बसतो म्हणतात. नऊ जणांत सगळ्यांत स्पष्ट वाक्य तुझं आहे. ते मला शीर्षकात घ्यायचं आहे : ‘पाय मोकळा झाला’. तुझं नाव, गाव कुठेही येणार नाही.

परवानगीचा कागद सोबत आहे. खालच्या ओळीवर सही कर.

दिपमाला


पिंपळनेर
१ नोव्हेंबर २०२५

दिपा,

कागद सही न करता परत पाठवते आहे.

फरशी ओली नव्हती. आईच्या हातून बादलीही हिंदकळली नाही, बिचारी झोपली होती. मी खोटं लिहिलं. तू रडणारी असतीस तर पहिल्याच पत्रात खरं लिहिलं असतं. न रडणाऱ्या माणसाला असलं सांगायची जास्त भीती वाटते.

तू जळगावात वाढलीस. तुझी आई लग्नानंतर शहराचं बोलायला लागली, म्हणून तुझी अहिराणी पाहुण्यांपुरती. आपल्याकडे हंडा ‘मोकया’ असतो. धान्य ओतून घेतलं की पोतं ‘मोकयं’. मी त्या दिवशी टेबलावर काय म्हणाले ते आठव. “मना पाय मोकया व्हई गया.” एवढं तोंडातून काढायला मला अर्धं मिनिट लागलं. तू लिहिलंस, मोकळा. तुझा मोकळा म्हणजे सुटलेला, हलका, आनंदातला. मी सांगत होते की पाय रिकामा झाला. आत काही राहिलं नाही.

पण माझं पुरं व्हायच्या आधीच आई म्हणाली, “बठ्ठं बरं शे आते तिले!” सगळंच बरं म्हणे. आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून तिने कानशिलाला बोटं मोडली. तू हसलीस. तू फार कमी वेळा हसतेस. दारात पुढचा रुग्ण उभा होता. माझं अजून एक वाक्य बाकी होतं, उभं राहताना भीती वाटते हे. त्याला आणखी एक मिनिट लागलं असतं. मी ते गिळलं.

आता नीट वाच. मी पायांवर उभी राहतच नव्हते. मी ताठरपणावर उभी राहायचे. दोन बांबू रोवावेत तशी. नळी धरायची, अंग वर खेचायचं, पाय आपोआप काठीसारखे ताणायचे, आणि मी उभी. चार मिनिटं. तेवढ्यात कपडे सावरून, खुर्चीतून मोरीत आणि मोरीतून परत. सकाळी सहाला, कुणालाही न उठवता. दिवसभर बाकी सगळं मला दुसऱ्याच्या हाताने करून घ्यावं लागतं. ते एक माझं होतं.

त्या रविवारी नळी धरली, वजन टाकलं, आणि पायाने घडी घातली. चादरीसारखी. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मी आईला हाक मारली नाही. तिला उठवायचं नव्हतं म्हणूनच तर एकटी गेले होते. वीस मिनिटांनी तीच आली.

प्लास्टर सोमवारी निघालं. पाय कुणाच्या तरी दुसऱ्याचा दिसतो.

तुझ्या शीर्षकासाठी दुसरं वाक्य शोध.

चारू


धुळे
७ नोव्हेंबर २०२५

चारुताई,

पत्र मिळालं. चार वेळा वाचलं.

जळगावच्या सभेतून माझं नाव काढून घेतलं. नोंद दुरुस्त केली. जुनी नोंद पुसायची पद्धत नाही. तिच्यावर आडवी रेघ मारून खाली नवी लिहिली, तारीख घातली, सही केली. नवी नोंद अशी : “दुसऱ्या खेपेनंतर टाच टेकू लागली, गोळे थांबले. पाय रिकामा वाटू लागला. उभं राहण्याची भीती. त्याआधी रुग्ण ताठरपणाच्या आधाराने चार मिनिटं उभी राहत असे, ते गेलं. ३१ ऑगस्टचं पडणं याच कारणाने.” टाचेचं ठेवलं आहे, कारण तेही तूच लिहिलंस. ‘ओली फरशी’ काढली.

माझी चूक शब्दाची आहे, पण तेवढीच नाही. ताठरपणा मी दर वेळी तुला टेबलावर झोपवून मोजला. तू उभी कशी राहतेस हे पाहिलं नाही, विचारलंही नाही. काही रुग्ण ताठरपणावरच उभे असतात, तो कमी करण्याआधी त्यांना उभं करून बघावं, हे आम्हाला तिसऱ्या वर्षाला शिकवलेलं आहे. त्या तासाची माझी वही काढून बघितली. ते वाक्य माझ्या अक्षरात आहे. खाली दोन रेघा आहेत.

या उपचाराचा परिणाम दोन-तीन महिन्यांत ओसरतो. म्हणजे नोव्हेंबरअखेर तुझा ताठरपणा परत यायला हवा. असं वाक्य कुणाला आशेने लिहीन, असं मला कधी वाटलं नव्हतं.

तोपर्यंत गुडघा सरळ ठेवणं महत्त्वाचं. चार व्यायाम चित्रं काढून पाठवले आहेत. दिवसातून तीन वेळा, मावशीला करायला सांग.

माफी शेवटी मागते, कारण आधी मागितली असती तर बाकीचं लिहून झालं नसतं. मला माफ कर.

दिपमाला


पिंपळनेर
१६ जानेवारी २०२६

दिपा,

तू म्हणालीस तसंच झालं. ताठरपणा परत आला. फक्त चुकीच्या वेळी आला. प्लास्टरमध्ये गुडघा थोडा वाकवून ठेवला होता, तो सरळ व्हायच्या आत हा येऊन बसला. दार उघडं असतानाच कुलूप लागावं तसं. आता पाय बांबूसारखा कडक आहे, पण बांबू मधेच वाकलेला.

तुझे व्यायाम आईने केले. तुझी चित्रं भिंतीला लावून, चष्मा घालून, तीन वेळा. चित्रातली बाई हसते आहे, ते बघून आई कारण विचारायची, “हाई काब्र हासस?” डिसेंबरच्या दहा तारखेला मला खाटेवरून उचलताना तिची कंबर धरली. मणक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, बादलीही उचलायची नाही. मी सेहेचाळीस किलोची आहे.

संक्रांतीला आपला नवीन सुरतेहून आला होता. माझा भाऊ वाईट माणूस नाही, हे तुला माहीत आहे. चौथ्या मजल्यावर दोन खोल्या, लिफ्ट नाही, वहिनी कारखान्यात जाते. आईला तो घेऊन जाणार. माझ्यासाठी त्याने एक संस्था बघितली आहे, मुलींची. जाऊन, दिवसभर थांबून, तिथलं जेवून आला. बोलताना माझ्याकडे बघत नव्हता, पतंगाच्या दोऱ्याने कापलेल्या बोटाकडे बघत होता.

संस्थेत दोन भाग आहेत. एक, उभं राहता येणाऱ्या मुलींचा. तिथे शिवणकाम आहे, अंगण आहे, मोरीत जिचं तिने जायचं. तीस जणींना एक बाई. दुसरा भाग खाटांचा. तिथे दर चौघींना एक बाई. त्या सगळं करतात, अगदी सगळं, आणि दिवसातून दोनदा कूस बदलतात. नवीन म्हणाला, स्वच्छ आहे, वास येत नाही. तो हे दोनदा म्हणाला.

कोणत्या भागात घ्यायचं ते उपचार करणाऱ्याच्या दाखल्यावर ठरतं. म्हणजे तुझ्या. छापील कागद सोबत आहे. त्यात एकच ओळ रिकामी आहे.

मला काय हवं ते विचारू नकोस. मला ३० ऑगस्ट हवा आहे.

चारू


धुळे
८ फेब्रुवारी २०२६

चारुताई,

१ तारखेला मी पिंपळनेरला आले, तुला मोजलं आणि काही न बोलता निघाले. त्याचं हे उत्तर.

मावशी मला एसटी स्टँडपर्यंत सोडायला आली होती, कंबरपट्टा लावून. वाटेत तीनदा म्हणाली, “लिखी दे ना बेटा, पोर उभी ऱ्हास म्हनीसन. तुना काय जास?” तू घरात तिला गप्प केलं होतंस. तू म्हणालीस, तिला विनवू नकोस, ती दशांश चिन्हासकट लिहील. मी हसले नाही, कारण खरंच तसंच लिहिलं होतं.

मोजमाप असं. डावा गुडघा २५ अंश वाकलेला, जास्त सरळ होत नाही. उजवा पाय ठीक. दोन माणसांच्या आधाराने उभं राहणं : ११.२ सेकंद. दुसऱ्या वेळी ९.४. एकटीने, नळी धरून : नाही.

त्या अकरा सेकंदांत आणखी एक गोष्ट कळली, ती कागदावर नाही. तू माझ्यापेक्षा उंच आहेस. तुझी हनुवटी माझ्या कपाळाशी आली. तुझी उंची आमच्या नोंदीत १५८ आहे. ती तुला झोपवून घेतलेली आहे, तुझे गुडघे आणि टाचा जशा होत्या तशा. ती चूक आहे. मी तुला सत्तावीस वर्षं ओळखते आणि उभी कधी पाहिलीच नव्हती.

माझ्याकडे येऊन राहा, असं लिहायला बसले होते. लिहिलं नाही. माझी खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, सव्वीस पायऱ्या आहेत, आणि मी दहा तास बाहेर असते. तुला तिथे ठेवणं म्हणजे खाटांच्या भागातच ठेवणं, फक्त बाईशिवाय. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचं इथल्या सर्जनना विचारलं. हाड इतकं विरळ आहे की ते एवढ्यात हात लावणार नाहीत. एक-दोन वर्षांनी बघू म्हणाले. तू पूर्वीसारखी चार मिनिटं उभी राहशील, असं मला वाटत नाही. हे मी तुझ्यासमोर बोलायला हवं होतं.

आता दाखला. रिकाम्या ओळीत लिहिता येतील अशी दोन वाक्यं आहेत.

पहिलं : “रुग्ण आधाराने उभी राहू शकते.”
दुसरं : “रुग्ण स्वतंत्रपणे उभी राहू शकत नाही.”

मी दोन्ही वाक्यं आकड्यांशी ताडून पाहिली. दोन्ही खरी आहेत. मला यातल्या कशाहीखाली सही करता येते.

पहिलं लिहिलं तर तुला अंगण मिळेल, शिवणकामाची खोली मिळेल, बोलायला मुली मिळतील. पण मोरीपर्यंत न्यायला तीस जणींत एक बाई असेल. ती वेळेवर आली नाही तर तू एकटी जाशील. तुला ओळखते म्हणून लिहिते, तू जाशीलच. आणि पडलीस तर या वेळी हाड जुळेल याची खात्री नाही. दुसरं लिहिलं तर तू पडणार नाहीस. पण खाटांच्या भागातून पहिल्या भागात कुणी गेल्याचं उदाहरण नाही. मी संस्थेला फोन करून विचारलं. त्या बाई नाही म्हणाल्या.

मावशीला पहिलं हवं आहे. नवीनला दुसरं. काल फोनवर तो म्हणाला, “दिपा, ती पडली असं पुन्हा कुणी मला कळवायला नको.” मला काय वाटतं ते मी लिहीत नाही. लिहिलं तर तू माझ्यासाठी म्हणून तसं करशील, जसं ओल्या फरशीचं केलंस.

दाखला २३ तारखेला संस्थेत पोचवायचा आहे. मी स्वतः नेऊन देणार आहे. ‘पहिलं’ किंवा ‘दुसरं’ एवढा एकच शब्द लिहिलास तरी पुरे. तो तुझ्या हाताने लिहिलेला असावा. मावशीने फोनवर सांगितलेला मी धरणार नाही. टपालाला तीन-चार दिवस लागतात. शुक्रवार, २० फेब्रुवारीपर्यंत तुझं उत्तर माझ्याकडे पोचेल असं पाठव.

दिपमाला